एकादशी, साबुदाणा आणि इन्सुलिन

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हमखास गर्दी असते. कोणाचे पोट फुगलेले, कोणाला आंबट ढेकरा, तर कोणाची साखर वाढलेली. अशाच एका द्वादशीला अमरावतीच्या माझ्या दवाखान्यात एक काकू आल्या. वय ५२, उंची पाच फूट, वजन ७४ किलो. खुर्चीत बसता बसताच त्यांनी तक्रार मांडली, “डाक्टरसाहेब, मी त कायीच खात नाही जी. दोन्ही एकादश्या धरतो, सोमवार धरतो. रात्री नुसती वाटीभर खिचडी. तरी वजन काहून वाढते? मी का हवेनं फुगून रायली?”

वाचकहो, ही तक्रार मी तीस वर्षांपासून ऐकतो आहे. नवा होतो तेव्हा वाटायचे, पेशंट खोटे बोलतात. आता तसे वाटत नाही. काकू खोटे बोलत नव्हत्या. त्या फक्त ‘जेवण’ तेवढे मोजत होत्या. मी त्यांना कागद-पेन दिला आणि कालचा उपवास व परवाचा साधा दिवस, दोन्ही लिहून काढायला सांगितले. चहासुद्धा.

साधा दिवस असा निघाला. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा आणि दोन टोस्ट. दहा वाजता पोहे. दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ वरण. चार वाजता चहा, बिस्किटे. सहाला शेजारीण आली म्हणून मुरमुऱ्याचा चिवडा, पुन्हा चहा. रात्री खिचडी आणि निजताना एक केळ. एकादशीचा दिवस त्याहून भारी. साबुदाण्याची उसळ दोनदा, भगर, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे दोन लाडू, चार चहा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “काकू, तुम्ही जास्त खाता असे मी म्हणत नाही. पण दिवसातून सात-आठ वेळा तोंडात काहीतरी जाते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते पिठाचे किंवा साखरेचेच असते. डाळ म्हणाल तर एक वाटी, तीही पातळ.”

पीठ म्हणजे साखरेची माळ

आपल्या अन्नात तीन मोठे घटक असतात. पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. पोळी, भाकरी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा हे सारे पिष्टमय. पिष्ट म्हणजे ग्लुकोज या साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. ती जिभेला गोड लागत नाही, पण आतड्यात माळ तुटते आणि साखर होऊनच रक्तात उतरते. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात प्रथिने एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत.

आता एक हिशेब पाहा. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असते? पाच ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे चहाचा एक चमचा! आणि तीन पोळ्या व वाटीभर भात यांतून ऐंशी-नव्वद ग्रॅम साखर येते. एवढा माल रक्तात साचू न देता जागच्या जागी लावण्याचे काम इन्सुलिन करते.

गोदामाचा दिवाणजी

पोटाच्या मागच्या बाजूला स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. इन्सुलिन तिथे तयार होते. त्याचे काम समजायला आपला कापसाचा हंगाम आठवा. गाड्यांची रांग लागली की गोदामाचा दिवाणजी पुढच्या दारात उभा राहतो आणि माल आत घ्यायला लावतो. तेवढा वेळ मागचे दार बंद. आवक थांबली की मगच तो मागचे दार उघडतो आणि माल बाहेर निघू लागतो.

इन्सुलिन हा आपल्या शरीराचा दिवाणजी. जेवलो की तो साखर स्नायूंत आणि यकृतात भरतो. तिथली जागा फार नाही. यकृतात शंभरेक ग्रॅम, स्नायूंत चारेकशे ग्रॅम. उरलेल्याची सोय चरबीच्या कोठारात होते. आणि इन्सुलिन रक्तात चढे असेतोवर या चरबीच्या कोठाराचे मागचे दार जवळजवळ बंद असते. दोन जेवणांमध्ये, रात्रीच्या झोपेत इन्सुलिन उतरते, तेव्हा ते उघडते आणि साठलेली चरबी जळू लागते. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी एक गाडी येत राहिली तर मागचे दार उघडणार कधी?

इन्सुलिनची ताकद किती, हे त्याच्या शोधाच्या इतिहासातच दिसते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला टोचले गेले. त्यापूर्वी ज्या मुलांच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नसे, ती भरपूर खाऊनही हाडांचा सापळा होत आणि दगावत. माल यायचा, पण साठवणाराच नसायचा. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाची तऱ्हा वेगळी. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास रक्तातले इन्सुलिन मोजण्याची रीत काढली. तेव्हा प्रौढ मधुमेही रुग्णांच्या रक्तात पुष्कळदा इन्सुलिन कमी नव्हे, उलट जास्तच सापडले. यॅलोबाईंना त्या पद्धतीबद्दल १९७७ चे नोबेल मिळाले.

इन्सुलिन भरपूर, तरी साखर वाढलेली, हे कसे? गोदाम गच्च भरले की हमाल दिवाणजीचे ऐकेनासे होतात. तो अधिक जोराने ओरडतो, म्हणजे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. काही वर्षे असे निभते. मग त्याचा घसा बसतो आणि मधुमेह उभा राहतो. यालाच इन्सुलिनचा अवरोध म्हणतात. त्याची खूण बाहेरूनही दिसू शकते. पोटाचा घेर वाढतो. मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा येतो. आई मुलीची मान घासघासून लाल करते, पण तो मळ नसतोच!

आपण बारीक, पोट मात्र पुढे

“आम्ही काही विलायती लोकांसारखे जाड नाही,” असे कोणी म्हणेल. इथेच आपली फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी होते आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे गोदाम लहान आणि जन्मतःच थोडे भरलेले. याच डॉ. याज्ञिकांचे इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांच्या वजन-उंचीचे गुणोत्तर सारखे, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी युडकिन यांच्या दुपटीहून अधिक!

म्हणून आपल्या लोकांनी काट्याबरोबर टेपही वापरावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर याच्या वर गेला की सावध व्हावे. काकूंचा घेर ९६ निघाला आणि उपाशीपोटीची साखर ११८. शंभराच्या आत हवी होती. १२६ ला मधुमेह म्हणतात. काकू अजून उंबरठ्याच्या अलीकडे होत्या.

आईची थाळी

माझे बालपण अकोल्यात गेले. आई सकाळी दहाला आणि दिवेलागणीनंतर अशी दोनदाच जेवायची. ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण, अंबाडीची नाहीतर चवळीची भाजी, जवसाची चटणी, ताक. मधल्या वेळात पाणी. पोळ्या सणावाराला. ‘दोन वेळची भाकर’ हा शब्दच आपल्या भाषेत आहे, आठ वेळची नाही!

मग वऱ्हाडातली खरिपाची ज्वारी सोयाबीनने हटवली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. मुक्कामाच्या गाडीत, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या डब्यात मैदा आला. शेगावची कचोरी आणि अमरावतीचा गिला वडा मलाही आवडतो. पण ते कधीतरी खायचे पदार्थ आता रोजचे झाले.

मात्र भाकरीला औषध समजू नका. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३३५ उष्मांक असतात, गव्हाच्या कणकेत ३२० च्या आसपास. तंतूही जवळजवळ सारखेच. म्हणजे पोळीच्या जागी चार भाकरी खाऊन वजन उतरणार नाही. आईच्या थाळीचे मर्म भाकरीत कमी आणि भाकरीसोबतच्या घट्ट वरणात, पालेभाजीत, मधल्या उपाशी वेळात आणि दिवसभराच्या कष्टात जास्त होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली हेच वेगळ्या शब्दांत सांगितले. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत. काकूंच्या कागदावर धान्य आणि साखर सोडून फारसे काही नव्हतेच.

दोन वेळा की आठ वेळा?

आपल्या विदर्भात या विषयाची चर्चा नवी नाही. काटोलचे आमदार आणि पुढे मंत्री झालेले, स्वतः एम.डी. असलेले डॉ. श्रीकांत जिचकार इन्सुलिनचे गणित भाषणांतून सांगत. खाल्ले की इन्सुलिन सुटते, म्हणून वरचेवर खाऊ नका, हे त्यांचे सूत्र. २००४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांच्या विचारावरून पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, ही पद्धत महाराष्ट्रभर नेली. सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्या, असेही ते सांगतात. दुसरीकडे दर दोन तासांनी थोडे थोडे खा, असे सांगणारेही आहेत. सामान्य माणूस म्हणतो, खरे कोणाचे?

माझे मत असे. इन्सुलिनचे सूत्र खरे आहे, पण अर्धे. प्रथिनांनीही इन्सुलिन सुटते. तेल-तुपाने फारसे सुटत नाही, तरी त्याची चरबी अंगावर बसतेच. म्हणून ‘भात सोडला, आता भजी कितीही’ हा हिशेब चुकतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांवर वर्षभर प्रयोग केला. निम्म्यांनी पिष्टमय पदार्थ कमी केले, निम्म्यांनी स्निग्ध. २०१८ साली निकाल आला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलोंनी उतरले, दुसऱ्याचे ५.३ किलोंनी. फरक नाही म्हणावा इतका थोडा. कोणाच्या अंगात इन्सुलिन किती सुटते, यावरूनही कोणाला कोणता आहार लागू पडेल हे सांगता आले नाही. साखर, मैदा टाळा आणि भाज्या खा, हे मात्र दोन्ही गटांना बजावले होते.

मग पिष्ट कमी केल्याचा उपयोग काय? उपयोग आहे, कारण आपल्या ताटात जास्तीचे जे आहे ते पिष्टच आहे. अमेरिकी माणसाने लोणी कमी करावे, आपण भात, साखर कमी करावी. शिवाय डाळ, दही, अंडी यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते, दर दोन तासांनी डब्याकडे हात जात नाही. आणि एक सावधगिरी. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले म्हणून पेढे वाटू नका. साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी अंगात असते, आधी ते जाते. चरबी त्यानंतर हळूहळू उतरते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक!

गुरुजींची गोष्ट

आता जे सांगतो ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे.

काही रविवारी मी अकोल्याला घरी जातो, तेव्हा ओळखीचे चार जण भेटायला येतात. त्यात एक निवृत्त गुरुजी होते. वय ६६, मधुमेह अकरा वर्षांपासून. गोळी ग्लिमेपिराइडची, सकाळी आणि रात्री. एका रविवारी उत्साहाने म्हणाले, “डॉक्टर, सकाळी फिरायला जातो तिथे ऐकलं. आता मी न्याहारी बंद केली. दोनच वेळा जेवतो.” मी गाडी गाठण्याच्या घाईत होतो. “वा, छान!” म्हणालो आणि निघालो.

बारा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. गुरुजींनी नेहमीप्रमाणे सकाळी सातला गोळी घेतली होती. जेवण बारा वाजता. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, ते बायकोवर विनाकारण ओरडले, मग शब्द अडखळू लागले. घरच्यांना वाटले अर्धांगवायू. मी म्हटले, आधी साखर मोजा. शेजाऱ्यांचे यंत्र आणले. साखर ४२! गुरुजींना गिळता येत होते, म्हणून साखरेचे पाणी पाजले, ते भानावर आले आणि मग दवाखान्यात एक दिवस ठेवावे लागले, कारण या गोळीने साखर पुन्हा पुन्हा खाली जाऊ शकते.

दोष दोन वेळच्या जेवणाचा नव्हता. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जेवा की न जेवा. गाड्या येणे थांबले होते आणि दिवाणजी तरी माल ओढत होता. हे गुरुजींना ठाऊक नव्हते, मला होते. मी एकच प्रश्न विचारायचा होता, “गुरुजी, गोळी केव्हा घेता?” तो विचारला नाही. आज ते ठणठणीत आहेत आणि मला दोष देत नाहीत. पण अंगणात एकटे असताना हे झाले असते तर? त्या दिवसापासून आहार बदलतो म्हणणाऱ्या प्रत्येकाची गोळ्यांची पिशवी मी आधी टेबलावर रिकामी करायला लावतो.

मग करायचे काय?

एक. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचे इंजेक्शन चालू असेल तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. गोळीचा डोस आधी कमी करावा लागतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी पिष्ट एकदम तोडणेही धोक्याचे. गरोदर बायका, वाढती मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी ऐकीव आहार करूच नये.

दोन. घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र नसेल तरी, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

तीन. ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग घट्ट वरण, उसळ, पिठले, दही, अंडी किंवा मासे यांचा, उरलेला पाव पोळी, भाकर किंवा भाताचा. पोळी आणि भात दोन्ही एका वेळी नको. आधी भाजी-वरण खा, पोळी मागून. त्याने साखर हळू चढते.

चार. मधल्या वेळी पाणी किंवा बिनसाखरेचे ताक. चहा दोनच, साखर अर्धा चमचा, पुढे तीही नको.

पाच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला. आपली शतपावली फार शहाणी आहे. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात.

सहा. उपवास धरा, पण तो उपवासच असू द्या. ताक, एखादे फळ, मूठभर शेंगदाणे, फार तर एक वाटी भगर दह्यासोबत.

वजन उतरले तर काय मिळते? ब्रिटनमध्ये ३०६ मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचा निकाल २०१७ साली आला. ज्यांना वैद्यकीय देखरेखीखाली अत्यंत कमी उष्मांकांचा आहार दिला, त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षाअखेर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. १५ किलो किंवा अधिक उतरवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के. मात्र हे मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले रुग्ण होते, हे ध्यानात ठेवावे.

काकूंना मी एवढे सगळे सांगितले नाही. नुकताच चातुर्मास लागला होता. मी म्हटले, “काकू, दरवर्षी काही नेम धरता ना? यंदा हा धरा. दोन जेवणांच्या मध्ये पाण्याशिवाय काही नाही आणि रोज दोन वाट्या घट्ट वरण.” कार्तिकी एकादशी झाल्यावर त्या आल्या. वजन ६९, घेर ९१, साखर १०४. अजून वाट बाकी आहे आणि मधे दिवाळीच्या फराळाने एक किलो परत आणला होता, तोही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितला. “पयले पंधरा दिवस चार वाजले की जीव कासावीस व्हाये,” त्या म्हणाल्या, “आता सवय झाली.”

आज रात्री तुम्हीही एक कागद घ्या आणि आज दिवसभरात तोंडात जे जे गेले ते लिहून काढा. चहासुद्धा. आणि गोळ्या चालू असतील तर तो कागद व गोळ्यांची पिशवी, दोन्ही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. डॉक्टर घाईत असले तर त्यांना थांबवा.